बिनसाखरेचा चहा

जावा बेटावरच्या सालातिगा गावाच्या वरच्या अंगाला, जिथून मर्बाबूचा डोंगर दुपारपर्यंत दिसतो आणि मग ढगात तोंड लपवतो, तिथल्या एका गल्लीत बू मूर्यानींचं घर आहे. बू म्हणजे आई, आणि आईच्या वयाच्या सगळ्याच बायका. एवढं लांब नाव घ्यायला गल्लीला सवड नसल्यामुळे त्या बू मूर झाल्या.

नवरा गेला, थोरला मुलगा नोकरीसाठी बोर्निओला जाऊन तिथलाच झाला, घरात त्या आणि धाकटी वेनिंग एवढ्या दोघीच उरल्या. तेव्हा परदेशी लोकांना इंडोनेशियन भाषा शिकवणाऱ्या एका शाळेचे मास्तर विचारायला आले, आमची माणसं तुमच्याकडे ठेवून घ्याल का? बू मूर म्हणाल्या, "बघू." मास्तर इथलेच. त्यांना कळलं, बाई नको म्हणतायत. चहा घेऊन, डोंगराचं कौतुक करून ते निघून गेले. पण त्यांच्याबरोबर एक डॅनिश माणूस आला होता, त्याच्या हिशेबी बघू म्हणजे बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन दारात हजर. "बघितलं का?" त्यानं अगदी शुद्ध भाषेत विचारलं. बू मूरनी त्याला खोली दाखवली.

तर अशी सुरुवात. त्यानंतर त्या खोलीत किती देशांची माणसं राहून गेली त्याची मोजदाद नाही. शाळा त्यांना वाक्य कसं करायचं ते शिकवायची, आणि केलेलं वाक्य कुठं गिळायचं ते बू मूर शिकवायच्या.

त्या डॅनिश माणसाचंच सांगायचं तर, गल्लीत लोक सहज विचारतात, "कुठं निघालात?" हा काही प्रश्न नव्हे, तोंड दिसलं म्हणून टाकलेला शब्द. पण हा पठ्ठ्या थांबायचा, पिशवी खाली ठेवायचा आणि सांगायचा. आधी पोस्टात, मग औषधाच्या दुकानात, कारण परवापासून पोट बिघडलंय, मिरचीनं असेल किंवा पाण्यानं. त्याच्या पोटाची खबर साऱ्या गल्लीला त्याच्याआधी असायची. बू मूरनी त्याला समजावलं, नुसतं 'इथंच' म्हणायचं आणि हसायचं. तो शिकला. इतका शिकला, की कायमचा मायदेशी निघाला त्या दिवशी दोन हातांत दोन बॅगा आणि पाठीवर तिसरी घेऊन चालला असताना शेजारणीनं विचारलं, "कुठं निघालात?" आणि हा म्हणाला, "इथंच." आठवडाभर ती बाई बू मूरला विचारत होती, तुमचा पाहुणा अजून आला कसा नाही म्हणून.

मग कॅनडाचा एक दाढीवाला. दारावरून माणूस चालला की ओसरीवरून म्हणायचं, "या ना, टेका जरा." आणि जाणाऱ्यानं म्हणायचं, "पुन्हा कधीतरी." हे असं इथं जन्मभर चालतं, कुणी टेकत नाही. हा टेकायचा. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी सोयाबीनचं तळलेलं टेंपे, तिसऱ्या घरी केळी. घरी येऊन म्हणायचा, "बू, इथले लोक किती प्रेमळ आहेत." पुढं पुढं त्याची दाढी कोपऱ्यावर दिसली की गल्लीतल्या बायका केरसुणी टाकून आत पळायला लागल्या.

आणि एक कोरियन मुलगी. सहा महिने तिच्या खोलीतला पंखा बंद होता, ती कधी बोलली नाही. जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाली, "बू, तुमच्या खोलीत रात्री फार उकडत असेल, नाही?" बू मूरनी आपला पंखा उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवला, आणि बाहेर येऊन वेनिंगला म्हणाल्या, "झाली बाई ही तयार." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

स्वतः बू मूरनी आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नाही. भाजीवाल्याला 'उद्या बघते', वर्गणीवाल्याला 'मुलाला विचारते', एवढ्यावर त्यांचं सगळं आयुष्य निघालं. त्याला कारणही होतं. त्यांच्या माहेरी चुलतीनं एकदा आलेलं स्थळ चारचौघांत, 'आमच्या मुलीला पसंत नाही' असं स्पष्ट सांगून परत पाठवलं होतं. चुलतीचं आणि त्या स्थळाचं, अशी ती दोन घरं पाठीला पाठ लावून उभी होती, मधल्या कुंपणाला दार होतं. दुसऱ्या दिवशी ते दार बुजवलं गेलं. त्या घरातली म्हातारी गेली तेव्हासुद्धा अलीकडून कुणी पलीकडे गेलं नाही. लहानग्या मूर्यानीनं कुंपणाआडून रडणं ऐकलं होतं. ते तिच्या कानातून कधी गेलं नाही.

आता हे सगळं पाठीशी असताना पाक दार्सोनोंनी वेनिंगसाठी आपल्या मुलाचं, हंडोकोचं, नाव काढलं, तेव्हा बू मूरचं काय झालं असेल ते समजून घ्या.

पाक म्हणजे बाप, वडीलधारा माणूस. पाक दार्सोनो तर या घराला खरोखरच तसे. बू मूरच्या नवऱ्याचे बालमित्र. मित्र गेला तेव्हा तिरडीला पहिला खांदा त्यांनी दिला, आणि पुढं घराचं छप्पर गळलं, वेनिंगला ताप आला, दरवेळी न सांगता येऊन उभे राहिले. रोज संध्याकाळी कबुतरांचे दाणे घेऊन ते या गल्लीतून घरी जायचे. बू मूर ओसरीवरून म्हणायच्या, "या ना, टेका जरा." ते म्हणायचे, "पुन्हा कधीतरी." ते ऐकलं की दिवस नीट मावळला असं बू मूरना वाटायचं.

हंडोको वाईट मुलगा नव्हता. पण वेनिंगला तो नको होता. तीही आपल्या आईचीच लेक, तिनं नको म्हटलं नाही. दूध संघातल्या प्रयोगशाळेतून दमून आली, आईनं विषय काढला, तशी म्हणाली, "हंडोकोला मी लहानपणी झाडावरून पडताना पाहिलंय. अजून मला तो तसाच दिसतो." मग उठून भांडी घासायला गेली, आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसली. बू मूरना कळलं.

आता हे पाक दार्सोनोंना कळवायचं कसं? त्यालाही रीत होती. या बाजूच्या जुन्या घरांतून ती चालत आलेली होती आणि बू मूरना ती सासूनं शिकवलेली. स्थळ घेऊन मंडळी पहिल्यांदा येतात तेव्हा कुणी विषय काढत नाही. पाऊसपाण्याचं बोलतात. मुलगी चहा आणते. चहा इथं घट्ट, कडकडीत आणि भरपूर गोड. तो तसा आला तर पुढच्या वेळी वडीलधाऱ्यांना घेऊन यायचं. आणि बिनसाखरेचा आला, तर तो तसाच संपवायचा, छान झालाय म्हणायचं, आणि पुन्हा त्या विषयासाठी यायचं नाही. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही नाकारलं नाही, कुणाचं कुंपणाचं दार बुजलं नाही.

त्या वर्षी खोलीत इलोना होती, हंगेरीची. उंच, सावकाश बोलणारी, आणि शिकायची अशी हौस की बू मूरनी मान हलवली तरी ती मनात टिपून ठेवायची. पाहुण्यानं कपाला हात कधी लावायचा? यजमानीण 'घ्या' म्हणाल्यावर. पहिल्यांदा म्हणाल्यावर? नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा. दुसऱ्याची चूक दिसली तर? "दिसलीच नाही असं करायचं," बू मूरनी सांगितलं होतं. "आणि सावरता येण्यासारखी असेल तर गुपचूप सावरून टाकायची. ज्याची चूक त्याला पत्ता लागता कामा नये. ते खरं वळण."

मंडळी आली त्या दुपारी बू मूर सारख्या आत-बाहेर करत होत्या. चहा त्यांनी स्वतः केला, पेले भरले, त्यावर झाकण्या ठेवल्या आणि साखरेच्या बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर जाऊन बसल्या. पाक दार्सोनो नवा शर्ट घालून आले होते. बू दार्सोनो, त्यांची बायको, हात मांडीवर ठेवून अगदी ताठ बसल्या होत्या.

"यंदा डोंगरावर धुकं लवकर यायला लागलं," पाक दार्सोनो म्हणाले.

"हो ना. कोबीला बरं आहे म्हणतात," बू मूर म्हणाल्या.

"तुमच्या ओसरीला वारा काय छान येतो," बू दार्सोनो म्हणाल्या. "आमच्याकडे आपलं कोंदट."

"कसलं छान, धूळ किती येते. तुमचं घर म्हणजे आरसा."

असं सगळं रीतीनं चाललं होतं. वेनिंग केस बांधून, मान खाली घालून चहा घेऊन आली. बू मूर तीनदा 'घ्या' म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना वाटलं, नवऱ्याच्या मित्राच्या पायाखालची फळी आपण आपल्या हातानं काढतोय. त्यांनी नजर पायपुसण्यावर ठेवली.

पाक दार्सोनोंनी घोट घेतला. दुसरा घेतला. बू मूरनी हळूच वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा उजळला होता. बू दार्सोनोंचा ताठपणा सैल पडला होता आणि त्या चक्क खुर्चीला टेकल्या होत्या.

"अगदी मनासारखा झालाय," पाक दार्सोनो म्हणाले.

हे तर म्हणायचंच असतं. पण आवाज तसा नव्हता. बू मूरनी आपला पेला उचलला आणि ओठाला लावला.

चहा गोड होता. साधासुधा नाही, सणासुदीसारखा गोड.

तो घोट त्यांनी कसा गिळला ते त्यांचं त्यांना माहीत. ओरडून सांगावंसं वाटलं, हा माझा चहा नव्हे. पण तोंडातून आलं ते एवढंच, "अजून थोडा घ्या ना." आणि त्यांनी घेतला.

मंडळी गेल्यावर बू मूर ओसरीवरच बसून राहिल्या. साखर घातली कुणी? स्वयंपाकघरात शेवटी वेनिंग होती. म्हणजे पोरीनं मन बदललं. आयत्या वेळी. पोरीचंच मन, त्याला आपण काय बोलणार? पण मग आत भांडी इतकी आपटतायत का?

आत वेनिंगनं किटलीतला उरलेला चहा चाखून पाहिला होता आणि तो गोड निघाला होता. चहा केला आईनं. म्हणजे आईनं साखर घातली. मला तोंडावर एक सांगितलं आणि मैत्रीसाठी मला देऊन टाकलं.

दोघींपैकी एकीनं जरी विचारलं असतं, की बाई, साखर घातलीस का, तर ही गोष्ट त्याच संध्याकाळी संपली असती. पण लेकीला विचारायचं म्हणजे तिला लाजवायचं, आणि आईला विचारायचं म्हणजे तिच्यावर आळ घ्यायचा. तेव्हा रात्री जेवताना बू मूर म्हणाल्या, "भात मऊ झालाय का गं?" आणि वेनिंग म्हणाली, "नाही, छान झालाय." आणि दोघींनी भात तसाच ठेवला.

इलोना मात्र पोटभर जेवली. ती त्या दिवशी फार खुशीत होती.

दोन दिवसांनी बू दार्सोनोंकडून डबा आला. तीन खणी डबा, खालच्या खणात नारळाच्या रसातली कोंबडी, वर शेवया, त्याच्यावर खोबऱ्याच्या वड्या. आणून देणारी शेजारीण म्हणाली, "चांगला दिवस बघायला पाक दार्सोनो सोलोला गेलेत म्हणे." आणि डोळे मिचकावून हसली.

डबा ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि काय भरून परत करतो त्यातही बोलणं असतं. बू मूर रोज तो पुसायच्या आणि परत ठेवायच्या. वेनिंग कामावरून उशिरा यायला लागली. "संघात काम वाढलंय," म्हणायची. तिचे गाल बसले. बू मूर मनात म्हणायच्या, लग्न ठरलेल्या मुली अशा दिसतात का? मग स्वतःलाच सांगायच्या, दिसत असतील, लाजत असेल. आणि उशीत तोंड खुपसून चुलतीच्या घरामागचं ते कुंपण आठवायच्या.

फुटलं ते असं. शाळेत इलोनाला चार वाक्यं बोलून दाखवायची होती. विषय दिला होता, इथं राहून तुम्ही शिकलेली एक चांगली रीत. जेवताना ती म्हणाली, "बू, आधी तुमच्यासमोर म्हणून बघू? चुकलं तर सांगा." आणि हात मांडीवर घेऊन, नीट बसून सुरू झाली.

"मी ज्या घरी राहते, त्या घरी महत्त्वाचे पाहुणे आले होते. घरातली आई फार काळजीत होती, म्हणून ती चहात साखर घालायला विसरली. मी पाहिलं, चमचा कोरडा होता, बरणीचं झाकण घट्ट होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्या पेल्यांत आणि किटलीतही साखर घातली, झाकण्या परत ठेवल्या. पाहुणे आनंदानं गेले. आईला अजून माहीत नाही." मग थोडी थांबून, लाजत म्हणाली, "म्हणजे आता माहीत झालं. पण शाळेत तुम्ही नसाल ना."

वेनिंगनं घास खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. मग वेनिंग जी हसायला लागली, ती हसता हसता हातानंच डोळे पुसायला लागली, आणि बू मूर उठून तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून.

"मला वाटलं तू," बू मूर म्हणाल्या.

"मला वाटलं तू," वेनिंग म्हणाली.

इलोनाचा चेहरा पांढरा पडला. "मी काय केलं?" तिनं विचारलं. मग तिला सांगितलं. ऐकता ऐकता ती पार वाकून ताटावर आली. "मी आत्ता जाते," ती म्हणाली. "आत्ता जाऊन सांगते की वेनिंगला लग्न करायचं नाही आणि साखर माझी होती."

"बस खाली," बू मूर म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्या कुणाशी असं बोललेल्या इलोनानं ऐकलं नव्हतं. ती बसली.

बू मूरना स्वतः जाता येत नव्हतं. चहा गोड पाजून मग घरी जाऊन तो कडू होता म्हणायचं, म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात मारणं. वेनिंगनं जायचं तर प्रश्नच नाही. जायला हवं होतं ते कुणीतरी चुकायचा परवाना असलेलं. तसं घरात एकच माणूस होतं.

मग जे काही शिकवणं चाललं ते शाळेत कुठं मिळायचं नाही. ओट्यापाशी उभ्या राहून बू मूर डब्याचे खण भरत होत्या. केळीच्या पानात बांधून उकडलेले केळ्याचे गोड नागासारी, स्वतः वाटलेल्या तांदळाचे. "डबा परत द्यायला आलीस. दुसऱ्या कशाला नाही."

"डबा परत द्यायला आले," इलोना.

"आधी कबुतरांचं विचार. त्यातल्या राखाडी नराचा गळा त्यांचा फार आवडता. मग तुझं शिकणं कसं चाललंय ते ते विचारतील. तेव्हा म्हण, अजून कच्ची आहे. काय कच्चं, ते विचारतील. तेव्हा."

"तेव्हा सांगते की वेनिंगला..."

"वेनिंगचं नाव काढायचं नाही."

"लग्न हा शब्द?"

"तोही नाही."

"नाही, हा शब्द?"

"तो तर मुळीच नाही, पोरी."

इलोना भिंतीकडे बघत बराच वेळ ओठ हलवत राहिली. "मग उरलं काय?" ती म्हणाली.

"साखर," वेनिंग म्हणाली.

ती गेली ती चार वाजता. बू मूरनी ओसरी झाडली. झाडलेली ओसरी पुन्हा झाडली. नाना विचार. पोरगी घाबरून सगळं सरळ सांगून मोकळी होईल. बू दार्सोनो दारातच असतील आणि डबा हिसकावून घेतील. किंवा, हे सगळ्यात वाईट, पोरगी इतकं वळणदार बोलेल की त्यांना काही कळणारच नाही आणि उद्या वडीलधारी मंडळी दारात उभी राहतील. डोंगर कधीच ढगात गेला होता.

इलोना आली तेव्हा तिच्या हातात डबा नव्हता. ती पायरीवर बसली. बू मूरनी तिला पाणी दिलं आणि तिनं ते तिसऱ्यांदा म्हणायची वाट न बघता पिऊन टाकलं.

"जसं झालं तसं सांग," बू मूर म्हणाल्या. "एकही शब्द गाळू नकोस."

"कबुतरांचं विचारलं. ते फार वेळ बोलले. राखाडी नर सध्या घुमत नाही. मग म्हणाले, शिकणं कसं चाललंय. मी म्हटलं, पाक, अजून कच्ची आहे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता हात घालते. त्या दिवशी बू मूरनी त्यांच्या मनासारखा चहा केला होता. मला वाटलं त्या विसरल्या. मी त्यात साखर घातली. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मला माफ करा."

"मग?"

"मग ते पिंजऱ्याकडे बघत राहिले. बू दार्सोनो आतून आल्या होत्या, त्या आत परत गेल्या. मला वाटलं, मी आता रडणार. मग ते हसले. म्हणाले, अरे हो. मला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे ना. ते बू मूरला माहीत असणार, म्हणून तिनं माझ्यासाठी तसा केला असेल. किती काळजी घेते ती. आणि मी म्हातारा, तो गोड चहा दोन पेले प्यायलो. माझंच चुकलं."

बू मूर खुर्चीचा हात घट्ट धरून होत्या. पाक दार्सोनोंना साखर कुणी बंद केलेली नव्हती. आयुष्यात त्यांनी तीन चमच्यांखाली चहा घेतलेला नव्हता.

"आणखी?"

"आणखी म्हणाले, हंडोकोला ऑफिस बहुतेक सुलावेसीला पाठवणार आहे. तेव्हा सध्या घरात सगळं थांबलेलंच आहे. बू, हे खरं आहे का? वेनिंग तर म्हणत होती की त्याचं ऑफिस इथलंच आहे."

"खरं आहे," बू मूर म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं ना, मग खरं आहे." आणि पदराचं टोक तोंडात धरून आत गेल्या.

वेनिंग त्या रात्री जेवली. पण बू मूरचा जीव अजून टांगलेलाच होता. कारण समजून घेतलं हे एक, आणि मनातून गेलं हे दुसरं. संध्याकाळ झाली, पाक दार्सोनो गल्लीतून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारीण म्हणाली, ते आता खालच्या रस्त्यानं जातात, पूल ओलांडून. तो लांबचा रस्ता. बू मूर रोज ओसरीवर बसायच्या आणि अंधार पडला की आत यायच्या. कुंपणाचं दार विटांनीच बुजवावं लागतं असं नाही, नुसत्या दुसऱ्या रस्त्यानंही ते बुजतं.

इलोनाची जायची वेळ आली. तिची बॅग भरून दारात होती, गाडी यायला अवकाश होता. बू मूर तिच्यासाठी वाटेचा डबा बांधत ओसरीवर बसल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावर छत्री दिसली आणि छत्रीखाली दाण्याची पिशवी.

बू मूरचे हात थांबले. पाक दार्सोनो सावकाश चालत आले. फाटकासमोर आले.

"या ना," त्या म्हणाल्या. "टेका जरा."

पाक दार्सोनो थांबले. त्यांनी छत्री मिटली. मग फाटक उघडून ते आत आले आणि ओसरीवरच्या खुर्चीवर टेकले.

इतक्या वर्षांत जाता जाता ते कधी टेकले नव्हते. इलोनाचं तोंड उघडंच राहिलं. बू मूर उठून आत गेल्या. चहा उकळला, पेल्यात ओतला आणि चमचा हातात घेऊन उभ्या राहिल्या. साखर घातली तर काय होईल? सारं पुन्हा पहिल्यापासून सुरू? आणि नाही घातली तर? आल्या माणसाला दुसऱ्यांदा परत पाठवल्यासारखं? दारात इलोना उभी होती, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून.

शेवटी बू मूरनी चहा तसाच बाहेर आणला, आणि साखरेची बरणी शेजारी आणून ठेवली, चमच्यासकट. असं या घरात कधी कुणी केलं नव्हतं.

पाक दार्सोनोंनी बरणीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांना आपले डॉक्टर आठवले असावेत. त्यांनी बरणी बोटानं हळूच बाजूला सरकवली, आणि बू मूरनी 'घ्या' म्हणायला तोंड उघडलं तोवर, पहिल्यांदाही म्हणायच्या आधी, पेला उचलून तोंडाला लावला. जसं आपल्या स्वतःच्या घरात लावतात तसं.

घोट गिळताना त्यांचा एक डोळा जरा बारीक झाला.

"राखाडी नर कालपासून पुन्हा घुमायला लागला," ते म्हणाले. "आणि बू मूर, ते नागासारी. बायको म्हणत होती, तांदूळ कुठला वापरता ते विचारून ये."

बू मूरनी आपलाही पेला भरून आणला, बिनसाखरेचा, आणि समोर बसून तांदळाचं सांगायला लागल्या.